अण्णांची स्मरणसभा : सर्व सभासदांसाठी सूचना

सभासद बंधू-भगिनींनो,

आपल्या कट्ट्याचे ज्येष्ठ सभासद, पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंता अण्णा गेल्या महिन्यात गेले. त्यांची स्मरणसभा 15 सप्टेंबर रोजी, अभियंता दिनी, सकाळी 10 वाजता विश्रामबागेतल्या आपल्या सभागृहात आहे. सर्वांनी यावं.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तेव्हा अण्णा तिथे नवखे अभियंता होते. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. पुढच्या मजबुतीकरणात अण्णांचे हात लागले. बदली कुठेही होवो, शनिवारची एसटी पकडून ते सांगलीत घरी यायचेच. काकूंचे गुडघे दुखू लागले तेव्हा बसून स्वयंपाक करता यावा म्हणून त्यांनी स्वतः मापं घेऊन ओटा उतरवून घेतला. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीला पोचण्याआधीच त्यांचे फोन सुरू झाले होते, "सामान वर घ्या." आपल्यापैकी कितीतरी घरांतली कागदपत्रं त्यामुळेच वाचली.

विनंती :

• हार-फुलं नकोत. वह्या, कंपासपेट्या आणाव्यात. अण्णा ज्या मुलांना गणित शिकवायचे, त्यांना त्या देऊ.
• बोलणाऱ्यांनी आधी नाव कळवावं. प्रत्येकी पाच मिनिटं.
• जुने फोटो आदल्या संध्याकाळपर्यंत द्यावेत. मागे आपलं नाव लिहावं म्हणजे परत करता येतील.
• काकूंना फार वेळ बसवत नाही. सभेनंतर त्यांच्याभोवती गर्दी करू नये.

सभा वेळेवर सुरू होईल.

कार्यवाह