बचावपटूचीही नोंद व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर युरोपातील फुटबॉलला आता नियमित जागा मिळू लागली आहे आणि त्याबद्दल सोलापूरसारख्या, क्रिकेट, कबड्डी आणि खो-खोमध्ये रमणाऱ्या शहरातील फुटबॉलप्रेमी वाचक आपले ऋणी आहेत. मात्र या बातम्यांत गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला आणि कोणाच्या पासवर केला एवढेच सहसा येते. गोल कोणी होऊ दिला नाही, हे क्वचितच वाचायला मिळते. नेदरलँड्सचा कर्णधार व्हर्जिल व्हॅन डाइक याचे नाव आलेच, तर ते त्याच्या किमतीमुळे, दुखापतीमुळे किंवा करंडक उंचावतानाच्या छायाचित्रामुळे येते. वास्तविक त्याची कारकीर्द शाळेतील मुलांनी, त्यांच्या पालकांनी आणि विशेषतः आम्हा क्रीडाशिक्षकांनी नीट वाचावी अशी आहे. ती तशी का आहे, हे मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच.

व्हॅन डाइकचा जन्म ८ जुलै १९९१ रोजी ब्रेडा या शहरात झाला. वडील डच, आई मूळची सुरीनामची. टिलबर्गच्या विलेम टू या क्लबच्या प्रबोधिनीत तो खेळ शिकला, पण तेथे ज्याच्याकडे बोट दाखवून ‘हा पुढे जाणार’ असे म्हणावे अशा मुलांत त्याची गणना नव्हती. उंची बेताची, जागा उजव्या बॅकची आणि वेगही डोळ्यांत भरण्याजोगा नाही. त्याच वयात तो ब्रेडातील एका रेस्टॉरंटमध्ये भांडी घासण्याचे काम करीत असे. सतराव्या वर्षाच्या सुमारास त्याची उंची झपाट्याने वाढली आणि त्याला स्टॉपरच्या, म्हणजे गोलासमोरच्या मधल्या बचावपटूच्या, जागेवर आणले गेले. आज आपण पाहतो तो सहा फूट चार इंचांचा धिप्पाड खेळाडू तेव्हा कोठे दिसू लागला. तरीही क्लबने त्याला वरिष्ठ संघाचा करार दिला नाही आणि २०१० मध्ये तो एक पैही न मोजता ग्रोनिंगेन या क्लबला मिळाला. ग्रोनिंगेनसाठी खेळाडू हेरण्याचे काम करणाऱ्या मार्टिन कोमन या जुन्या खेळाडूची नजर त्याच्यावर पडली होती. पुढे २०१५ मध्ये इंग्लंडच्या साउदम्प्टन क्लबसाठी त्याला मागून घेणारा आणि २०१८ मध्ये त्याच्या दंडावर देशाच्या कर्णधारपदाची पट्टी बांधणारा प्रशिक्षक रोनाल्ड कोमन हा याच मार्टिन कोमन यांचा मुलगा. बापाने हेरलेल्या गुणांचे मुलाने चीज केले, असेच म्हणावे लागेल.

हा पूर्वार्ध मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे नेमक्या याच टप्प्यावर मुले गळतात. चौदा वर्षांखालील संघाची निवड करताना मुलांना उंचीप्रमाणे रांगेत उभे केलेले आणि चेंडूला पाय लागण्यापूर्वीच शेवटच्या चार-पाच मुलांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाजूला काढलेले मी स्वतः पाहिले आहे. त्यांपैकी एक मुलगा माझ्या शाळेतला होता. पूर्व भागातील एका यंत्रमाग कामगाराचा हा मुलगा अनवाणी खेळायचा, पण समोरचा चेंडू कोणत्या बाजूला नेणार हे त्याला आधी कळायचे. त्या दिवसानंतर तो सरावाला येईनासा झाला आणि दहावीनंतर वडिलांबरोबर कारखान्यात जाऊ लागला. काही वर्षांनी तो मला अशोक चौकात भेटला, तेव्हा त्याच्याशी बोलताना मला मान वर करावी लागत होती. तो व्हॅन डाइक झाला असता असा माझा दावा मुळीच नाही. परंतु चौदाव्या वर्षीच्या उंचीवरून बचावपटूची पारख करणे चुकीचे आहे, आणि ही चूक आपल्या मैदानांवर आजही राजरोस होते.

ग्रोनिंगेनमध्ये असताना २०१२ मध्ये तो मरणाच्या दारातून परत आला. पोटदुखीचे निमित्त झाले, अपेंडिक्स फुटले आणि संसर्ग पोटभर पसरला. त्यातून सावरून तो पुन्हा उभा राहिला, तरी देशातल्या मोठ्या क्लबांपैकी कोणी त्याला घेतले नाही. २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिकने घेतले. तेथे दोन हंगामांत दोन लीग विजेतेपदे मिळाली. तेथून साउदम्प्टन आणि जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूल. लिव्हरपूलने मोजलेले साडेसात कोटी पौंड ही त्या वेळी बचावपटूसाठी जगात दिलेली सर्वाधिक रक्कम होती. त्याच्या पहिल्याच सामन्यात, एफए कपमध्ये एव्हर्टनविरुद्ध, त्याने हेडरवर विजयी गोल केला आणि वृत्तपत्रांनी अर्थातच त्या गोलाचे मथळे केले. मला मात्र त्याचे मोठेपण ज्या एका प्रसंगात दिसले, त्यात त्याचा पाय चेंडूला लागलासुद्धा नव्हता.

३१ मार्च २०१९ रोजी अॅनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, लिव्हरपूल आणि टॉटनहॅम यांचा सामना एक-एक असा बरोबरीत होता आणि शेवटची काही मिनिटे उरली होती. लिव्हरपूलचे बहुतेक खेळाडू पुढे गेलेले असताना टॉटनहॅमला प्रतिहल्ल्याची संधी मिळाली. चेंडू मुसा सिसोकोकडे होता, त्याच्या जोडीला सोन ह्युंग-मिन धावत होता आणि या दोघांसमोर एकटा व्हॅन डाइक. अशा वेळी कोणताही बचावपटू चेंडूवर झेप घेईल. आपल्याकडे तर प्रेक्षकांतूनच ‘जा, जा, घे’ असा ओरडा सुरू होतो. व्हॅन डाइक पुढे गेला नाही. तो मागे सरकत राहिला. त्याने आपले अंग अशा रीतीने वळवून ठेवले, की सिसोकोकडून सोनकडे जाणारी पासची वाट बंद राहावी. सोन हा दोघांतला पट्टीचा गोल करणारा, तर सिसोकोचा डावा पाय कमजोर, हा हिशेब धावता धावता त्याच्या डोक्यात पक्का होता. सिसोको गोलाजवळ पोहोचला, पास द्यायला जागा उरली नाही आणि अखेर त्याला डाव्या पायाने फटका मारावा लागला. चेंडू आडव्या दांडीवरून बाहेर गेला. नव्वदाव्या मिनिटाला टॉटनहॅमच्याच खेळाडूच्या पायाला लागून गोल झाला आणि लिव्हरपूलने सामना जिंकला. धावफलकावर तो स्वयंगोल कायमचा राहिला. त्याआधीच्या त्या काही सेकंदांची नोंद कोठेही नाही.

आपल्या मुलांना हे समजावून सांगायचे, तर मी कबड्डीचा दाखला देतो. चढाईपटू बोनस रेषेकडे येताच उतावीळपणे पायावर झेप घेणारा कोपरारक्षक दहापैकी आठ वेळा गुण देऊन बसतो; कसलेला रक्षक त्याला आत येऊ देतो, त्याची परतीची वाट आवळतो आणि मग पकड करतो. सोलापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही मुलाला हे एका वाक्यात कळते. फुटबॉलमध्ये मात्र ‘ज्याला खेळता येत नाही त्याला मागे उभा करा’ ही समजूत इतकी घट्ट बसली आहे, की स्टॉपरला मुद्दाम काही शिकवायचे असते हेच आपण विसरलो आहोत. होम मैदानावर सकाळी जमणाऱ्या पोरांच्या पाठीवरची नावे वाचावीत. मेस्सी, रोनाल्डो आणि एमबापे दिसतील. बचावपटूचे नाव शोधूनही सापडत नाही.

२०१८-१९ च्या त्या हंगामात लिव्हरपूलने लीगच्या ३८ सामन्यांत अवघे २२ गोल स्वीकारले आणि जूनमध्ये टॉटनहॅमलाच हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंनी आपल्या मतांनी व्हॅन डाइकला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवले, युरोपीय महासंघाचा पुरस्कारही त्यालाच मिळाला आणि बॅलन डी’ऑर या जगातील सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्कारात तो मेस्सीपेक्षा केवळ सात गुणांनी मागे पडला. हा पुरस्कार बचावपटूला शेवटचा मिळाला तो २००६ मध्ये, इटलीच्या फाबियो कानाव्हारोला. पुढच्या हंगामात लिव्हरपूलने तीस वर्षांनी लीग जिंकली, तेव्हा व्हॅन डाइक ३८ च्या ३८ सामन्यांत प्रत्येक मिनिट मैदानावर होता.

बचावपटूचे मोल तो नसताना कळते. १७ ऑक्टोबर २०२० रोजी एव्हर्टनच्या गोलरक्षकाशी झालेल्या धडकेत त्याच्या उजव्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले आणि त्याचा तो हंगाम तेथेच संपला. त्याच्या जोडीचे जो गोमेझ आणि जोएल मातिप हेही त्या हंगामात जायबंदी झाले, हे खरे; त्यामुळे सगळे खापर एका अनुपस्थितीवर फोडणे योग्य होणार नाही. तरीही अॅनफिल्डवर वर्षानुवर्षे लीगमध्ये न हरलेला तोच संघ २०२१ च्या सुरुवातीला तेथेच सलग सहा लीग सामने हरला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

या दुखापतीनंतर त्याने काय केले, ते मला त्याच्या कोणत्याही विजेतेपदाइतकेच मोलाचे वाटते. २०२१ च्या उन्हाळ्यात युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा होती. तो देशाचा कर्णधार होता आणि नेदरलँड्स २०१६ ची युरो व २०१८ चा विश्वचषक या दोन्ही स्पर्धांना मुकल्यानंतर प्रथमच मोठ्या स्पर्धेत उतरत होते. एवढा मोह असतानाही गुडघा पुरता सावरलेला नाही म्हणून त्याने न जाण्याचा निर्णय घेतला आणि जुलैअखेर, नऊ महिन्यांहून अधिक काळानंतर, तो सराव सामन्यात परतला. आपल्याकडे गुडघा मुरगळलेल्या मुलाला स्प्रे मारून, क्रेप बँडेज गुंडाळून ‘उपांत्य फेरी आहे, एवढा सामना काढ’ असे सांगितले जाते. सांगणारे वाईट नसतात. शाळेचे नाव, दहावीचे सवलतीचे गुण आणि मुलाची स्वतःची हौस यांच्या दडपणाखाली ते घडते. पण अशा एका सामन्यापायी कायमचा लंगडत चालणारा तरुण या शहरात मी पाहिला आहे आणि त्याच्या आईला काय उत्तर द्यावे, हे मला आजही सुचत नाही.

व्हॅन डाइकला अपयशही पुष्कळ आले. ९ डिसेंबर २०२२ रोजी विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये नेदरलँड्सची पहिली किक त्याने स्वतः घेतली आणि ती अडवली गेली. २०२४ च्या युरोमध्ये त्याचा संघ उपांत्य फेरीत इंग्लंडकडून हरला. देशासाठी मोठा करंडक त्याने अजून उंचावलेला नाही. क्लबसाठी मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये, अनेक अनुभवी खेळाडू दुखापतीने बाहेर असताना, कोवळ्या पोरांना सोबत घेऊन खेळलेल्या लीग कप अंतिम सामन्यात ११८ व्या मिनिटाला त्याच्याच हेडरने चेल्सीचा पराभव झाला. २०२५ मध्ये लिव्हरपूलने पुन्हा लीग जिंकली, तेव्हा करंडक स्वीकारणारा कर्णधार तोच होता.

आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये जर्मनीविरुद्ध शेवटच्या क्षणी बरोबरीचा गोल करून त्याने आपल्या संघाला नेशन्स लीगच्या अंतिम टप्प्यात नेले. सामना संपताच सारे सहकारी जल्लोष करीत असताना तो रुमानियाच्या पंचांकडे गेला. त्या पंचांच्या आईचे नुकतेच निधन झाले होते आणि मैदानावरच त्यांना रडू कोसळले होते. व्हॅन डाइकने त्यांना जवळ घेतले आणि धीर दिला. पंचाच्या अंगावर धावून जाणे म्हणजे जिगर, असे समजणाऱ्या आपल्या काही संघांनी हे दृश्य अवश्य पाहावे.

आपल्याकडे माझी दोन मागण्यांची विनंती आहे. पावसाळ्यात शालेय स्पर्धा सुरू झाल्या, की आपले वार्ताहर जिल्हास्तरीय सामन्यांचे वृत्त देतात. त्यात गोल करणाऱ्यांच्या नावांसोबत दोन्ही संघांच्या स्टॉपरचे आणि गोलरक्षकाचे नावही छापावे. चार शब्दांची जागा लागेल, पण ते कात्रण त्या मुलाच्या घरी भिंतीवर लागेल. दुसरे असे, की रविवारच्या अंकात व्हॅन डाइक, याप स्टाम, रूड क्रोल अशा बचावपटूंच्या कारकिर्दी क्रमाने द्याव्यात आणि त्यांत विजेतेपदांच्या यादीपेक्षा ते कोणत्या वयात नाकारले गेले, कसे शिकले आणि कसे उभे राहत, यावर अधिक लिहावे. कोल्हापुरात तालमींच्या संघांमुळे आणि शाहू स्टेडियमवर लोटणाऱ्या गर्दीमुळे मुले हे पाहून शिकतात. आमच्या मुलांना ते वाचूनच शिकावे लागणार आहे. जिल्ह्यातील क्रीडाशिक्षकांनाही या निमित्ताने विनंती, की चौदा वर्षांखालील निवडीत उंचीची रांग लावण्यापूर्वी प्रत्येक मुलाला निदान वीस मिनिटे खेळताना पाहावे आणि या वर्षी वगळलेल्या मुलांची नावे पुढच्या वर्षीच्या चाचणीसाठी वहीत जपून ठेवावीत.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
सात रस्ता परिसर, सोलापूर