काउंटरवर बोलायचीस, तेच लिही

चरई, ठाणे (प.)
रविवार, २० जुलै २०२५

प्रिय मीनल,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र बुधवारी हातात पडलं. फोनवर तू इतकं कधी बोलली नसतीस. ‘१४ वर्षं लॅबमध्ये काढली, आता सासूबाईंचं करायला घरी थांबले, तर हातात काही उरलंच नाही असं वाटतं. तुझ्यासारखं घरून लिखाणाचं काम मला जमेल का?’ हे वाचून रात्री झोप लागली नाही. तुला जमेल, मीनल. उशीर लागेल, पण जमेल. म्हणून आज सगळी कामं बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

आधी तुझ्या मनातली शंका. ‘मी कधी चार ओळी लिहिल्या नाहीत’ असं तू म्हणतेस. चिपळूणला तुझ्या लॅबमध्ये मी दिवसभर बसले होते, आठवतं? एक आजोबा पहाटेची एसटी धरून शुगर तपासायला आले होते. उपाशी होते, पण निघताना साखरेचा चहा घेतला होता. चहा म्हणजे काही खाणं नव्हे, असं त्यांना वाटत होतं. तू काउंटरच्या बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसलीस आणि म्हणालीस, ‘आजोबा, उद्या परत यायचं. रात्री जेवलात की मग ८ तास पाण्याशिवाय काही नाही. चहा नाही, दूध नाही, बिस्कीट नाही. पाणी हवं तेवढं प्या.’ दुसऱ्या दिवशी ते बरोबर तसेच आले. त्याच दिवशी एक बाई एचबीएवनसीसाठी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणाऱ्या तपासणीसाठी, उपाशी येऊन चक्कर येऊन बसल्या होत्या, आणि या तपासणीला उपाशी राहावंच लागत नाही हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तू किती हळहळली होतीस.

अगं, हेच तुझं लिखाण. जो प्रश्न तुला काउंटरवर दिवसातून वीस वेळा विचारला जायचा, त्याचं उत्तर कागदावर उतरव. ‘सर्व विषयांवर लेखन करून मिळेल’ असं चुकूनही लिहू नकोस. मी तसंच लिहून सुरुवात केली होती आणि पहिलं वर्ष कधी पर्यटन, कधी फर्निचर, कधी राशिभविष्य असं करण्यात गेलं. त्यातलं एकही काम पुढच्या कामाला उपयोगी पडलं नाही. दवाखान्यांच्या माहितीपत्रकांचं काम हातात आलं, तेव्हा कुठे माझी गाडी रुळावर आली. तुझ्याकडे तर तो विषय १४ वर्षांचा मुरलेला आहे.

तीन नमुने तयार कर, प्रत्येकी साधारण ३०० शब्दांचे. एक, उपाशीपोटी म्हणजे नेमकं काय. दुसरा, लघवीचा नमुना कसा द्यायचा. पहिली धार सोडून मधली का घ्यायची हे लोकांना लाजेपोटी कुणी नीट सांगत नाही. तिसरा, रिपोर्टवर ठळक छापलेला आकडा दिसला की लगेच का घाबरू नये, आणि दोन लॅबच्या मर्यादा वेगळ्या का असतात. हे नमुने म्हणजे तुझं दुकान. कुणी अनुभव विचारला की हे पुढे करायचे.

मग काम कुठून आणायचं? घरून करायची कामं मिळवून देणाऱ्या परदेशी साइट्सवर नाव नोंदव, पण सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नकोस. फायव्हर विकणाऱ्याच्या कमाईतून २० टक्के कापून घेतं. अपवर्कवर प्रत्येक अर्जाला ‘कनेक्ट्स’, म्हणजे त्यांची टोकनं, खर्चावे लागतात आणि संपले की विकत घ्यावे लागतात. मला मराठीची बहुतेक कामं तिथून मिळालेली नाहीत. ती मिळाली भाषांतर एजन्सींकडून, इथल्या एका छापखान्याच्या डिझायनरकडून आणि सरळ डॉक्टरांना पाठवलेल्या मेलवरून. पहिल्या ३ महिन्यांत मी ६२ मेल पाठवल्या. ९ जणांनी उत्तर दिलं, २ कामं झाली. वहीत रकाने आखून सगळं लिहून ठेवत होते, तूही ठेव. कुणाला कधी पाठवलं, काय उत्तर आलं. १५ दिवसांनी पुन्हा एकदा विनम्रपणे आठवण करायची. माझं दुसरं काम त्या आठवणीच्या मेलवरच मिळालं.

आता पैशाचं. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण यात मी पोळले आहे.

पहिल्या वर्षी एका कंपनीसाठी मी १२ लेख लिहिले, प्रत्येकी ८०० शब्द, शब्दाला ४० पैसे दराने. हिशेबाने ३,८४० रुपये होत होते. सगळं फोनवर ठरलं होतं, कागद एकही नाही. लेख गेले, बिल गेलं आणि फोन उचलणं बंद झालं. चार महिन्यांनी तेच लेख दुसऱ्याच्या नावाने छापलेले दिसले. त्या दिवशी मी तलावपाळीवर कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. रक्कम मोठी नव्हती, पण आई आजारी असताना तिच्या उशाशी बसून मी ते लिहिलं होतं.

तेव्हापासून मी शब्दही लिहिण्याआधी एक मेल पाठवते: काय लिहायचं, किती शब्द, दर काय, किती वेळा दुरुस्ती करून देणार, पैसे किती दिवसांत. समोरून ‘मान्य’ असं उत्तर आल्याशिवाय काम सुरू नाही. नवीन माणूस असेल तर निम्मे पैसे आगाऊ. आणि लक्षात ठेव, १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तू कुणाची नोकर नसताना लिहिलेल्या मजकुराची पहिली मालकी तुझी असते. तो हक्क कायमचा द्यायचा तर सहीनिशी लेखी द्यावा लागतो. बहुतेक कंपन्या तसं लिहून घेतातच, आणि द्यायलाही हरकत नाही, पण त्या कागदावर पैसे कधी मिळणार हेही असलं पाहिजे.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकार-दरबारी नोंद, करून घे. आधारवर होते, एक रुपयाही लागत नाही. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट्सपासून दूर राहा. नोंदणीनंतर केलेल्या कामाचे पैसे करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर व्याजासकट मागता येतात आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. मला तक्रार करायची वेळ आली नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून पैसे वेळेवर येतात.

बिलावर पॅन नक्की लिही. एका कंपनीकडून वर्षाला ५०,०००च्या वर रक्कम झाली की ते १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. पॅन नसेल तर २० टक्के. कापलेले पैसे बुडाले असं समजू नकोस. आयकराच्या पोर्टलवर तुझ्या नावावर दिसतात, आणि कर बसत नसेल तर रिटर्न भरल्यावर परत येतात.

भाषांतराचं काम घेशील तेव्हा दर मूळ इंग्रजीच्या शब्दांवर ठरव, मराठीच्या नाही. ‘इन द मॉर्निंग ऑन ॲन एम्प्टी स्टमक’ हे ७ शब्द झाले. आपण लिहिणार ‘सकाळी उपाशीपोटी’. दोन! आपल्या विभक्ती शब्दाला चिकटतात, म्हणून मराठी बहुधा कमी शब्दांत बसते आणि चांगलं, नेटकं लिहिणाऱ्याचेच पैसे कमी होतात. हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

तू विचारलंस की आता मशीन सगळं करतं, मग आपल्याला कोण विचारणार. खरं सांगते, दर उतरले आहेत. एजन्सी आता मशीनने केलेलं भाषांतर पाठवतात आणि नुसतं तपासायचे कमी पैसे देतात. पण गेल्याच महिन्यात असा एक मजकूर माझ्याकडे आला: ‘तुमचा अहवाल सकारात्मक आहे. कृपया डॉक्टरांना भेटा.’ विचार कर मीनल, तुझ्या काउंटरवरच्या त्या आजोबांनी हे वाचलं असतं तर? चांगली बातमी समजून ते पेढे वाटत घरी गेले असते. मी लिहिलं, ‘तपासणीत आजार आढळला आहे. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा.’ ‘तुमचा नमुना नाकारण्यात आला आहे’ याचं केलं, ‘नमुना पुन्हा द्यावा लागेल, जास्तीचे पैसे नाहीत.’ पैशांबद्दल मूळ मजकुरात काहीच नव्हतं. मी फोन करून विचारलं, कारण माणूस पहिली चिंता तीच करतो. तू हे माझ्याहून चांगलं करशील.

एक बारीक गोष्ट. आपण फोन-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये टाइप करतो, बरेच छापखाने अजूनही श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये लावतात. बदलताना जोडाक्षरं मोडतात. माझ्या एका पत्रकात ‘दुसऱ्या दिवशी’चं ‘दुसर्या दिवशी’ झालं होतं. म्हणून छापायला जाण्याआधी शेवटचं प्रूफ मागून घ्यायचंच.

आणि हे अधोरेखित करून लिहिते: काम देण्यासाठी कुणी आधी पैसे मागितले, नोंदणी म्हणून, डिपॉझिट म्हणून, तर तिथेच थांब. ‘घरबसल्या फॉर्म भरा’वाले आधी करार करून घेतात, मग चुका जास्त म्हणून वकिलाच्या नावाने नोटीस पाठवून दंड मागतात. आमच्या इमारतीतल्या एका मुलीने घाबरून १२,००० भरले. बिचारी महिनाभर घरात बोलली नव्हती.

घरच्यांचंही सांगून ठेव. ‘घरीच तर असतेस’ म्हणून सोसायटीतली कुरियर, गॅस, शेजारच्यांच्या किल्ल्या सगळं माझ्याकडे यायचं. आता सकाळी १० ते १ मी स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसते. १८९३ साली सुरू झालेली संस्था आहे. तिथे लोक मान खाली घालून वाचत असतात, आपलीही मान आपोआप खाली जाते. तुला सासूबाईंना सोडून जाता येणार नाही. पण दुपारी त्या झोपतात ते दोन तास तुझे, असं दादांना आणि मुलांना स्पष्ट सांग. पहिल्या ७ महिन्यांत माझ्या हातात सगळे मिळून २१,००० आले होते, तेव्हा साठवलेल्या पैशांना हात लावायची तयारीही ठेव.

येत्या गुरुवारी दिव्याची अवस, शुक्रवारपासून श्रावण. तुझ्याकडे सणवार सुरू होतील आणि हे मागे पडेल, म्हणून त्याआधी एकच कर. लघवीच्या नमुन्याचा मजकूर लिही, ३०० शब्द. लिहून झाला की सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखव. जिथे त्या ‘काय म्हणालीस?’ विचारतील ते वाक्य मोड आणि पुन्हा लिही. मग मला पाठव. रात्री नऊनंतर मी मोकळी असते, फोनवर दोघी मिळून ओळ न् ओळ बघू.

सासूबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
वैदेही