बाळ्या, घर दुपारी बघू नको

कोल्हापूर
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज परवाच वाचला, पण त्याला दोन ओळींत उत्तर देता येईना म्हणून आज जेवण उरकून निवांत लिहायला बसलोय. छकुलीचा दमा वाढलाय, डॉक्टर हवापालट करा म्हणाले, म्हणून पुणं सोडून इकडंच येतोय, आपल्या गावची हवा तरी चांगली, असं तू लिहिलंस. तू येणार हे ऐकून आईनं लगेच विचारलं कधी येतोय, पोरीला तिखट चालतं का. आनंद तर मला पण लई झाला मर्दा. पण ते "हवा चांगली" वाचलं आणि तिथंच अडकलो. तुला खोटा धीर दिला आणि उद्या पोरीला इथं त्रास झाला तर मला स्वतःला माफ करता येणार नाही, म्हणून जे आहे ते सगळं लिहितोय, कंटाळू नको.

तुझ्या डोक्यात आपलं शाळेतलं कोल्हापूर आहे. गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं आणि तसंच रंकाळ्यावर जाऊन वारं खात बसायचं. ते वारं अजून आहे, नाही असं नाही. पण केंद्र सरकारनं २०१९ मध्ये हवा सुधारण्यासाठी जो राष्ट्रीय कार्यक्रम काढला, त्यात हवा खराब असलेल्या शहरांच्या यादीत पुणं, मुंबई यांच्याबरोबर कोल्हापूरचं पण नाव आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पटलंच नव्हतं. आपल्याकडं दिल्लीसारखं धुकं कुठं दिसतं, असंच वाटायचं. आबांचं झालं तेव्हा पटलं.

आबांचं तुला अर्धवटच माहिती आहे. तीस वर्षं फाउंड्रीत काढली त्यांनी, आधी उद्यमनगरात आणि नंतर शिरोलीला. काम नॉकआऊटचं. म्हणजे ओतकाम झालं की साचा फोडायचा, गरम वाळू झाडायची आणि आतलं कास्टिंग बाहेर काढायचं. आपण लहान असताना ते घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या, आठवतंय का, आपण त्यांना म्हातारे आबा म्हणून हसायचो. ती वाळूची धूळ होती. तोंडाला साधा रुमाल बांधलेला, तो पण उकडतंय म्हणून निम्मा वेळ गळ्यात. त्या वाळूतल्या सिलिकाचे बारीक कण रुमालातून सरळ आत जातात, फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात आणि तिथून परत बाहेर येत नाहीत. शरीरातल्या पेशी ते कण गिळायला जातात आणि स्वतःच मरतात, मग तिथं वण पडतो, असे हजारो वण पडत पडत फुफ्फुस कडक होत जातं. सिलिकोसिस म्हणतात त्याला. काम सोडलं तरी तो थांबतोच असं नाही आणि झालेलं बरं करणारं औषध पण नाही.

पण मला जे सांगायचंय ते पुढंच आहे. आबांना खोकला सुरू झाला, वजन उतरलं, एक्स-रे काढला, त्यावर ठिपके दिसले आणि टीबी म्हणून औषध सुरू झालं. सहा महिने गोळ्या खाल्ल्या. थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत तरी गोळ्या चालूच. फरक पडेना म्हणून दुसरे डॉक्टर, मग तिसरे. तिसऱ्या डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली आणि आबांना विचारलं, "बाबा, तुम्ही काम काय करत होता?" बास, एवढा एक प्रश्न. त्याच्या आधी वर्षभरात तो कुणीच विचारला नव्हता रे, आणि आम्ही पण आपणहून सांगितलं नाही कारण फाउंड्रीचा आणि खोकल्याचा काही संबंध असेल हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. एक्स-रेवर सिलिकोसिस आणि टीबी सारखेच दिसू शकतात, आणि सिलिकोसिस असलेल्या माणसाला पुढं खरा टीबी व्हायचा धोका पण जास्त असतो, म्हणून अजून सारखं तपासत राहावं लागतं. कामगारांच्या कायद्यात हा आजार सरकारला कळवायच्या यादीत आहे. पण ओळखलाच नाही तर कळवणार कोण, आणि भरपाई मागायची कशाच्या जोरावर?

तालमीत पाचशे बैठका मारणारा माणूस आता घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना दोनदा थांबतो. रात्री आडवं होता येत नाही त्यांना, पुढ्यात दोन उशा घेऊन त्यावर वाकून बसतात. ऑक्सिजनच्या मशीनचा घुर्र आवाज आता आम्हाला इतका सवयीचा झालाय की लाईट गेली आणि तो बंद पडला की सगळ्यांना जाग येते.

असो. तर छकुलीचा आणि फाउंड्रीचा काय संबंध म्हणशील. संबंध असा की तेव्हापासून मला प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न पडायला लागलाय, हा माणूस नाकातून आत काय घेतोय, कुठं घेतोय आणि किती वाजता घेतोय. आणि तसं बघायला लागलो तर पहिलं आमचं परडंच दिसलं. बंब! सकाळी अंघोळीचं पाणी तापवायला आपल्याकडं अजून गल्लोगल्ली बंब पेटतो. आणि त्यात जळण फक्त लाकडाचं नसतं हे तुला पण माहिती आहे. दुधाची पिशवी पटकन पेट घेते म्हणून आधी ती, मग तुटकी चप्पल, टायरचा तुकडा, वायरचं कव्हर, जे हाताला लागेल ते. आई पण तेच करायची, तिला कधी कुणी सांगितलंच नाही. वायरचं कव्हर पीव्हीसीचं असतं, ते जळताना डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात आणि ती कॅन्सरला कारण ठरू शकतात. ती विषं बारीक राखेला चिकटून परड्यातच पडतात, तिथंच आपली भांडी घासलेली असतात आणि पोरं खेळतात. गेल्या वर्षी आईला समजावून सांगितलं, गॅस गीझर बसवला, तो पण न्हाणीघराच्या बाहेर, कारण बंद न्हाणीत बसवला तर कार्बन मोनॉक्साईडनं माणूस जागेवर जातो. शेजारच्या काकूंना मात्र अजून पटलेलं नाही. त्यांचा पण नाईलाज आहे म्हणा, सिलेंडर परवडत नाही आणि जळण फुकट मिळतं.

काकूंचंच बघ. आयुष्यात विडीला हात लावलेला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढं बसून त्यांचं फुफ्फुस सिगारेट ओढणाऱ्यासारखं झालंय. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसून दम लागायचा आजार. गावाकडच्या बायकांना हा आजार होतो आणि घरातले म्हणतात वयानं दम लागतोय.

दुसरं म्हणजे ऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला की शहराच्या चारी बाजूनं पाचट पेटतं. काही ठिकाणी तर तोडायला सोपं जावं म्हणून उभा ऊसच पेटवतात. संध्याकाळी गच्चीवर कपडे वाळत घातले असतील तर त्यावर काळी काजळी येऊन पडते, गवताच्या पात्यासारखी लांबट आणि एकदम हलकी. झटकायला गेलं की बोटाखाली तिची पूड होते आणि शर्टावर काळा ओरखडा उमटतो. पण बाळ्या, डोळ्याला दिसते त्या काजळीची मला फारशी भीती वाटत नाही, ती नाकात अडकते नाहीतर शिंकून बाहेर पडते. भीती आहे ती न दिसणाऱ्याची. पीएम २.५ म्हणतात ते कण केसाच्या जाडीच्या वीस-तिसाव्या भागाएवढे असतात, ते फुफ्फुसातून थेट रक्तात उतरतात, म्हणून नुसता दमा नाही तर हार्ट अटॅक आणि पक्षाघात पण त्यांच्यामुळं वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं की वर्षाची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावी, आणि आपल्या देशातला कायद्याचा आकडा आहे ४०. म्हणजे आपल्याकडं रिपोर्टमध्ये "मर्यादेत" लिहिलेलं असलं तरी छकुलीच्या छातीला ते मर्यादेत असेलच असं नाही. त्यात लहान पोरं मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतात, फुफ्फुस अजून वाढत असतं आणि उंची गाडीच्या सायलेन्सरच्या बरोबरीची.

नदीचं तुला काय सांगू, तू पेपरात वाचतच असशील. आपल्याला आता धरणातून थेट पाईपलाईनचं पाणी मिळतंय, पण शहराचं सांडपाणी जयंती नाल्यातून आणि दुधाळी नाल्यातून पंचगंगेला मिळतं, प्रक्रिया केंद्रं झाली तरी पाऊस पडला की नाला उलटून सरळ नदीत. खाली इचलकरंजीवाले, शिरोळवाले तेच पाणी वापरतात. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली. दूषित पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला झाली तर जिवावर बेतते. आपण वरच्या अंगाला राहतो म्हणून सुटतो, एवढंच. मला हे सारखं खातं.

आता तुझ्या कामाचं. तू फोटो पाठवलेलं घर मी बघून आलो. शुक्रवारी दुपारी गेलो तर हवा एकदम स्वच्छ, ऊन छान, खिडक्या मोठ्या, मालक पण देवमाणूस. मी खूश होऊन निघालोच होतो, पण आबांचा विषय डोक्यात होता म्हणून काल सकाळी साडेसहाला परत गेलो आणि त्याच खिडकीखाली उभा राहिलो. अरे, डोळे चुरचुरायला लागले. पाठीमागं ओळीनं चार घरांचे बंब पेटलेले, कोपऱ्यावर झाडलोट करून कचऱ्याचा ढीग पेटवलेला आणि धूर वर जाईनाच, गुडघ्याएवढ्या उंचीवर नुसता रांगत होता. थंडीत असंच होतं, रात्री जमिनीजवळची हवा गार पडते, वारा नसतो आणि वरची हवा झाकणासारखी बसते. ऊन वर आलं की झाकण उघडतं. दुपारी घर बघायला येणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही आणि पोरगी शाळेला निघणार ती बरोबर साडेसहा-सातला.

म्हणून ते घर मी नको म्हणून सांगितलंय, रागवू नको. अजून दोन बघितलीत, त्यातलं एक रंकाळ्याच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर, मागं कुणाचं परडं नाही, मेन रोड पण लांब आहे. भाडं दीड हजारानं जास्त आहे पण ते मी मालकाशी बोलतो.

आणि छकुलीचा पंप बंद करू नको. पंपाची सवय लागते असं तुझी आत्या म्हणते ना, तसं काही नसतं, औषध सरळ छातीत जातं म्हणून गोळीपेक्षा कमी डोस लागतो. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची ती प्लॅस्टिकची नळी, लावूनच द्या, आणि डॉक्टर सांगतील तोपर्यंत बरं वाटलं तरी चालूच ठेवा. इकडच्या शाळेत पण एक पंप बाईंकडं ठेवायचा, ते मी बोलून ठेवतो.

तू आणि वहिनी पुढच्या शनिवारी रात्रीच या, आमच्याकडंच झोपा. रविवारी पहाटे साडेपाचला उठवतो, अंधारातच जाऊन घर बघू. आबा पण येतो म्हणालेत, रिक्षातच बसून राहीन म्हणाले, पण त्या गल्लीत एकदा श्वास घेऊन बघतो आणि सांगतो.

तुझाच,
पप्या