लठ्ठपणाची चर्चा आणि चरबीतील संप्रेरके

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात लठ्ठपणा आणि मधुमेह यांवर नुकताच प्रसिद्ध झालेला लेख वाचला. तोंडावर ताबा नाही म्हणून माणूस लठ्ठ होतो, असा त्याचा एकूण सूर आहे. मधुमेहाच्या रुग्णांना रोज तपासणारा डॉक्टर म्हणून मला तो अपुरा वाटतो, आणि रुग्णांवर अन्याय करणाराही.

शरीरातील चरबी ही नुसती साठवण नसून संप्रेरके स्रवणारे एक अवयवच आहे, याचा उल्लेख लेखात कुठेही नाही. डग्लस कोलमन यांनी अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत जन्मतःच लठ्ठ होणाऱ्या दोन जातींच्या उंदरांवर प्रयोग केले होते. दोन उंदरांना शेजारी शेजारी शिवून ते त्यांचे रक्ताभिसरण जोडत. पहिल्या जातीचा लठ्ठ उंदीर सामान्य उंदराला जोडला की त्याचे खाणे कमी होई आणि तो बारीक होऊ लागे. दुसऱ्या जातीचा जोडला की मात्र सामान्य उंदीरच अन्नाला तोंड लावीनासा होई आणि समोर खाणे असूनही उपाशी मरे. भूक आवरणारा पदार्थ पहिल्या जातीत तयारच होत नाही आणि दुसऱ्या जातीत तो भरपूर असूनही शरीराला जाणवत नाही, असे अनुमान कोलमन यांनी त्यावरून काढले. त्या पदार्थाचे जनुक १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला सापडले. चरबीच्या पेशींतून स्रवणारे हे संप्रेरक म्हणजे लेप्टिन.

आहारामुळे लठ्ठ झालेल्या बहुतेक माणसांची अवस्था या दुसऱ्या उंदरासारखी असते, म्हणजे रक्तात लेप्टिन भरपूर, पण मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही. त्यातच वजन उतरवले की लेप्टिन घटते, मेंदू ती उपासमार समजतो आणि भूक वाढवून ऊर्जेचा खर्च आखडता घेतो. कसोशीने उतरवलेले वजन पुन्हा वाढले म्हणून मान खाली घालून समोर बसलेल्या रुग्णाला मी आधी हे समजावून सांगतो, आहाराचा तक्ता नंतर.

मधुमेहाशी अधिक जवळचा संबंध अ‍ॅडिपोनेक्टिनचा. यकृत आणि स्नायू यांना इन्सुलिनला प्रतिसाद द्यायला मदत करणारे हे संप्रेरक चरबीतूनच येते, तरी चरबी, विशेषतः पोटातली, वाढली की ते घटते. गच्च भरलेल्या पेशींभोवती दाह सुरू होतो, साठा मावेनासा झाला की मेद यकृतात आणि स्नायूंत उतरतो, आणि इन्सुलिन असूनही साखर चढत जाते. ज्यांच्या अंगात जवळपास चरबीच नसते, अशा लिपोडिस्ट्रॉफीच्या रुग्णांनाही तीव्र मधुमेह होतो आणि त्यांपैकी अनेकांची साखर लेप्टिनच्या इंजेक्शनांनी आटोक्यात येते. सामान्य लठ्ठपणात ही इंजेक्शने फारशी उपयोगी पडली नाहीत, हेही सांगायला हवे.

आहाराचे महत्त्व मी नाकारत नाही. बिघाडाची सुरुवात बहुधा तिथूनच होते, आणि वजन टिकाऊपणे घटले तर अ‍ॅडिपोनेक्टिन पुन्हा वाढते. मात्र आपल्या पुढच्या लेखात वजनाच्या आकड्यासोबत कमरेच्या घेराचीही माहिती द्यावी आणि रुग्णांसाठी वापरलेला ‘खादाड’ हा शब्द पुन्हा छापू नये, एवढी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक