दगडांच्या फटी बुजवू नका

संपादक महोदय,

पुष्पप्रदर्शनांचा हंगाम आला की प्रदर्शनी बागांच्या आराखड्यांत ‘निसर्गस्नेही’ हा शब्द हमखास दिसतो. काळा पाषाण, जांभा, गोटे यांची सुरेख रचना होते, शेजारी फुलपाखरांची पाटी लागते. पण दगड सिमेंटमध्ये बसवून दरजा भरल्या, की पाली, सापसुरळ्या, बेडूक यांच्या दृष्टीने ती भिंत संपली. हे जीव राहतात दोन दगडांमधल्या फटीत, आणि आपण नेमकी तीच बुजवतो.

कोकणातला गडगा (नुसते दगड रचून केलेली कुंपणाची भिंत) हा तयार नमुना आपल्याकडे आहे. चुना-सिमेंटाशिवाय दगड रचण्याची कला युनेस्कोने २०१८ मध्ये फ्रान्स, इटली, ग्रीससह आठ देशांच्या नावे अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आपल्याकडे मात्र गडगा ढासळला की तिथे सिमेंटची भिंत उभी राहते.

प्रदर्शनासाठी दहा फूट लांब आणि अडीच फूट उंच गडगा पुरतो. त्याला साधारण अर्धा ब्रास (पन्नास घनफूट) डबर, म्हणजे ओबडधोबड दगड, लागतो. सहा इंच चर खणून मुरूम धुमसून घ्यावा. रुंदी तळाला बावीस इंच, माथ्याला चौदा. दोन्ही तोंडे किंचित आत कललेली हवीत. दगडाची लांबी भिंतीच्या आत जायला हवी. दर्शनी भाग मोठा दिसावा म्हणून दगड लांबीने तोंडावर लावतात आणि तिथेच भिंतीचे पोट सुटते. प्रत्येक थराला सांधेमोड करावी, म्हणजे खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ देऊ नये; उंचीच्या मध्यावर दर तीन फुटांनी एक आरपार दगड घालावा. आतली पोकळी चिपांनी ठासावी. माती भरली तर ती पावसात वाहून जाते आणि भिंत खचते. तोंडावर अर्ध्या-एक इंचाच्या फटी राहू द्याव्यात, तळाशी दोन-तीन ठिकाणी मूठ जाईल एवढी जागा बेडकांसाठी ठेवावी. माथ्यावर सर्वांत जड दगड ठेवावेत, कारण मुले चढतातच.

काळा पाषाण उन्हाळ्यात भयंकर तापतो. म्हणून मोकळे तोंड पूर्वेला ठेवून पश्चिमेला झुडपांची सावली द्यावी. फटींत सावलीकडे नेचे, उन्हाकडे पानफुटी लावावी. पानफुटीवर रेड पिएरो फुलपाखरू अंडी घालते. त्याची अळी जाड पानाच्या आत शिरून गर खाते, वरून पानावर फिकट फोड आल्यासारखे दिसतात. माळी रोग समजून फवारणी करतो, आणि ज्या फुलपाखरासाठी रोप लावले तेच मरते. असे पान खुडूही नये.

पाण्यासाठी दीड-दोन इंच खोल दगडी पात्र, एक काठ उतरता. एडिस डासाची अंडी काठाला चिकटून राहतात, त्यामुळे नुसते पाणी बदलून भागत नाही. दर तिसऱ्या दिवशी काठ घासायलाच हवा.

सर्वांत गंभीर बाब दगड आणण्याची. शेवाळ-दगडफूल चढलेला, ‘जुना’ दिसणारा दगड हवा म्हणून सड्यांवरचे (कोकणातल्या खडकाळ पठारांवरचे) सुटे दगड उचलले जातात. त्याच दगडांखाली पाली, विंचू, फुरसे आसरा घेतात. एक अधिवास मोडून दुसऱ्याचा देखावा मांडण्यात काय अर्थ आहे? पाडलेल्या घरांचे, जुन्या जोत्यांचे दगड वापरावेत, नाहीतर खाणीतला डबर. शेवाळ दोन पावसाळ्यांत आपोआप धरते.

चार दिवसांच्या प्रदर्शनात गडग्यात कोणी राहायला येणार नाही, हे खरे. पण सिमेंटच्या रचनेचा नंतर राडारोडा होतो, तर गडग्याचा प्रत्येक दगड सुटा होऊन दुसरीकडे रचता येतो. लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात २०२२ साली सर्वोत्तम प्रदर्शनी बागेचा मान बीव्हर या पाणवठ्याकाठच्या प्राण्याने बांध घातलेल्या ओढ्याकाठच्या रानटी बागेला मिळाला. परीक्षकांनी ठरवले तर निकष बदलतात. पुण्या-मुंबईच्या आयोजकांना विनंती आहे, की प्रवेश-अर्जात दोन रकाने वाढवावेत: दगड कुठून आणला आणि प्रदर्शनानंतर तो कोणत्या शाळेत वा उद्यानात रचला जाणार. गुण त्यावरही द्यावेत.

– बागकाम व दगडकाम करणारे काही जण, पुणे