कॅसिनोच्या टेबलावर नाल लिहायला लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की गोव्याच्या सहलींच्या जाहिराती येऊ लागतात. हल्ली त्यात ‘एक रात्र कॅसिनो, जेवण व पेये समाविष्ट’ अशी एक ओळ हमखास असते. हे पत्र त्या ओळीबद्दल आहे. कॅसिनो बंद करा असे मी म्हणणार नाही. पत्ते मला लहानपणापासून आवडतात आणि जुगार म्हटला की नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. माझी मागणी छोटी आहे: नाल, म्हणजे जागेचा मालक खेळातून काढतो तो वाटा, किती ते कॅसिनोने टेबलावर लिहावे.

नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून मी निवृत्त झालो. आमच्यासारख्याच निवृत्तांचा एक कट्टा आहे. इथे माणसांची नावे देत नाही, वस्तीची देतो, कारण आम्हीही एकमेकांना तशीच हाक मारतो: सातपूरकर, देवळालीवाले, इंदिरानगरवाले वगैरे. पूर्वी रमी चालायची. लॉकडाऊनमध्ये घरी अडकलेल्या सातपूरकरांच्या मुलाने वडिलांना पोकर शिकवला, वडिलांनी आम्हाला. तेव्हापासून शनिवारी रात्री गच्चीवर डाव पडतो. चिप म्हणून चिंचोके. चिंचोक्याला रुपया, महिनाअखेरीस हिशेब, आणि जो जिंकला असेल त्याने सगळ्यांना मिसळ द्यायची. त्यामुळे जिंकलेल्याच्या खिशातही फारसे काही उरत नाही.

या गच्चीवर नाल कुणी काढत नाही, आणि कायद्याची सगळी मेख तिथेच आहे. आपल्याकडे 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून चालतो. त्यात जुगाराचा अड्डा कशाला म्हणायचे, तर जिथे जागेचा किंवा साहित्याचा मालक खेळातून स्वतःचा फायदा काढतो त्या जागेला. गावाकडचा अड्डेवाला डावामागे आपला वाटा बाजूला सरकवतो आणि खेळणाऱ्या प्रत्येकाला तो किती आहे ते ठाऊक असते. अड्डा बेकायदा असला तरी तिथला दर उघड असतो. कॅसिनो कायदेशीर आहे, पण दर? तो विचारायला गेलो तर तिथल्या मुलीने गोड हसून मला बुफेकडे जायचा रस्ता दाखवला.

तर आम्ही गेलो. कल्पना देवळालीवाल्यांची: “चिंचोक्यांवर खेळून हात गंजला, एकदा खऱ्या टेबलावर बसू.” सौ. म्हणाल्या, “आयुष्यभर नोटा छापून पोट भरलं नाही वाटतं!” मंगला एक्स्प्रेसने नाशिकरोडहून मडगाव. गाडीत दोन बॅगा एकावर एक ठेवून त्यावर डाव. पनवेलच्या पुढे एका चहावाल्याने मागे उभे राहून सगळ्यांचे पत्ते पाहून घेतले आणि कुणाला पेअर लागली आहे ते डोळ्यांनी खुणावू लागला. प्रवासातला सर्वांत चांगला खेळ तोच झाला.

पणजीच्या धक्क्यावरून छोटी बोट मांडवीत उभ्या असलेल्या जहाजावर नेते. एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. ओळखपत्र दाखवले, पत्ता नाशिकचा दिसला, आत सोडले. गोव्याचा पत्ता असता तर सोडले नसते. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांना कॅसिनोत जुगार खेळायला बंदी आहे. आपल्या माणसांना या खेळापासून लांब ठेवावे असे ज्या सरकारला वाटते, त्याच सरकारच्या परवान्यावर आमच्यासाठी बोट धक्क्याला लागते. राग येण्यासारखे नाही हे, समजण्यासारखे आहे. गोव्याचे आमदार नाशिकच्या मतांवर निवडून येत नाहीत.

आत पोकरची खोली अगदी कोपऱ्यात होती. बाकी सगळा मजला रूलेट (आकड्यांचे फिरते चाक), बाकारा, अंदर-बाहर, तीन पत्ती आणि लखलखणाऱ्या यंत्रांनी भरलेला. खोलीच्या दाराशी एक मुलगा वही घेऊन उभा. “नाव लिहा काका, जागा झाली की बोलावतो.” आमच्या आधी बरीच नावे होती. गंमत अशी की पोकरचे टेबल भरलेले असते तेव्हा कुणी लवकर उठत नाही. हरणारा वसुलीसाठी बसून राहतो आणि जिंकणारा उठला तर इतरांना ते आवडत नाही. वाट पाहणाऱ्याने मग करायचे काय? हातात चिप असतात, पाच पावलांवर चाक फिरत असते, आणि नाव पुकारले की ऐकू यावे म्हणून लांबही जाता येत नाही.

इंदिरानगरवाले चाकापाशी गेले, सातपूरकर यंत्रापाशी. पोकरमध्ये पत्ता पत्ता मोजून खेळणारी ही माणसे. फ्लश (एकाच जातीची पाच पाने) व्हायला एक पान कमी असेल तर रिव्हरपर्यंत, म्हणजे उघडायच्या शेवटच्या दोन पानांत, ते येण्याची शक्यता साधारण पस्तीस टक्के, हे सातपूरकर झोपेतही सांगतील. हातात दोन एक्के पडण्याचा योग 221 हातांत एकदा, हेही पाठ. त्यांच्यापैकी एकानेही यंत्राला विचारले नाही की बाबा रे, तुझ्यातून शंभरातले किती परत येतात. विचारून सांगणार कोण, तो भाग वेगळा. पोकरसाठी आणलेले त्यांचे पैसे पोकरच्या खुर्चीत बसण्याआधीच संपले. देवळालीवाल्यांचे नाव पुकारले तेव्हा एकटेच आत गेले. रात्रभर फक्त पाणी पीत बसले, बहुतेक हातांत पाने टाकून दिली आणि होते त्यापेक्षा थोडे कमी घेऊन बाहेर आले. माझ्या मते मजल्यावरचा सर्वांत शहाणा माणूस तोच.

मी त्यांच्या मागे उभा राहून एक गोष्ट पाहिली. पोकरमध्ये कॅसिनो स्वतः खेळत नाही. खेळणारे एकमेकांविरुद्ध खेळतात आणि डीलर प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, रेकच्या चिप उचलून सर्वांच्या देखत टेबलाच्या फटीत टाकतो. म्हणजे आपली नालच. पण ती डोळ्यांसमोर निघते, मोजता येते, जास्त वाटली तर उठता येते. रूलेटवर असे काहीच दिसत नाही. तिथे घर, म्हणजे कॅसिनो, आपला वाटा उचलून घेत नाही, जिंकणाऱ्याला देताना थोडे कमी देते.

कसे ते सांगतो. आमच्या समोरच्या चाकावर 1 ते 36 आणि एक शून्य, असे 37 कप्पे होते. एका आकड्यावर लावलेले आले तर पस्तीस पट मिळतात आणि लावलेले परत. आता समजा, प्रत्येक आकड्यावर शंभर रुपये ठेवले. टेबलावर गेले 3,700. चाक कुठेही थांबो, हातात येतात 3,600. शंभर गेले, म्हणजे 2.70 टक्के. काही चाकांवर दोन शून्ये असतात. तिथे 38 कप्पे आणि देणे तेच, म्हणून वाटा 5.26 टक्के, जवळजवळ दुप्पट. चाक लांबून सारखेच दिसते. दर फिरकीला पाचशे लावणारा माणूस तासाला चाळीस फिरक्या खेळला तर वीस हजार रुपये त्या चाकावरून जातात आणि त्यातले सरासरी 540 घराचे होतात. मनोरंजनासाठी तासाला 540 कुणाला परवडतही असतील. पण ते त्याला बसण्याआधी कळू द्या ना.

जागा नाही म्हणावे तर तसेही नाही. प्रत्येक रूलेटच्या डोक्यावर एक झगझगीत फलक होता. त्यावर मागचे आकडे, लाल किती वेळा आले, काळे किती वेळा, कोणता आकडा जोरात आहे आणि कोणता बराच वेळ आला नाही, सगळे इत्थंभूत. चाकाला मागची फिरकी आठवत नसते, त्यामुळे या माहितीचा उपयोग शून्य. तरी लोक वही काढून ती उतरवून घेत होते. जी एक टक्केवारी खरोखर उपयोगाची आहे तेवढी सोडून बाकी सर्व त्या फलकावर होते. टेबलावरच्या पाटीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती लावता येईल ते लिहिलेले, बस्स.

आपण भद्रकालीतून चिवड्याचे पाकीट घेतो, त्यावर वजन, किंमत, बनवल्याची तारीख आणि घटक छापावेच लागतात. इथे एका रात्रीत लाखाची उलाढाल करणाऱ्या टेबलाला तेवढीही सक्ती नसावी? ब्रिटनमध्ये जुगाराच्या यंत्रावर परताव्याची टक्केवारी किंवा जिंकण्याची शक्यता दाखवावी लागते. म्हणजे हे जगावेगळे मागणे नाही.

करांची गोष्ट तर याहून अंधारात आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून कॅसिनोत चिप घेताना मोजलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के आहे. जिंकलात की हरलात याच्याशी त्याचा संबंध नाही. चिप घेऊन एकही डाव न खेळता परत दिल्या तरी त्या रकमेवरचा कर सुटत नाही. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर वेगळा, आणि त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही. म्हणजे शनिवारी पन्नास हजार हरून रविवारी पन्नास हजार जिंकणारा माणूस बरोबरीत सुटला असे त्याला वाटते, आयकर खात्याला वाटत नाही. आमच्या बोटीत पुण्या-नाशिककडची पंचविशीची बरीच मुले होती. ऑगस्ट 2025 च्या केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, त्यात पोकरची ॲपही गेली. “आता पोकर खेळायचा तर इकडेच यावं लागतं,” असे त्यातला एक म्हणाला. कराचे विचारले तर म्हणाला, “पॅकेजमध्ये असेल ना काका.” चिप घेताना कर वेगळा दाखवतात की दरात मुरवतात, हे त्याने विचारले नव्हते. पॅकेजमध्ये मिळालेल्या चिपही फक्त खेळायच्या होत्या, काउंटरवर वटत नव्हत्या. तेही त्याला आत गेल्यावर कळले.

आता याची दाद कुणाकडे मागायची? गोव्याचा कायदा 1976 चा, मुळात जुगाराला बंदी घालणारा. 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि नंतर समुद्रातल्या जहाजांना त्यातून वाट काढून दिली. आपल्या महाराष्ट्रानेही त्याच 1976 मध्ये कॅसिनोंना परवाना देणारा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द करायचा निर्णय घेतला. त्यामुळे आपले सरकार म्हणते, आमच्याकडे कॅसिनोच नाही, आम्ही काय करणार. गोव्याचे सरकार म्हणते, आमच्या माणसांना आम्ही आत सोडत नाही, आमची जबाबदारी संपली. मधल्या मधे नाशिकचा गिऱ्हाईक. परवाना गोव्याचा आहे म्हणून पहिली मागणी गोवा सरकारकडे: प्रत्येक टेबलावर आणि यंत्रावर घराचा वाटा टक्क्यांत लिहा, कर किती ते चिप घेण्याच्या खिडकीवर लिहा, आणि दोन्ही मराठी-कोंकणीत मोठ्या अक्षरांत. आपले खासदार-आमदार इतर अनेक बाबतीत गोव्याशी पत्रव्यवहार करतात, हेही एक पत्र लिहावे.

कट्ट्यावर हे बोललो तेव्हा इंदिरानगरवाले म्हणाले, “टक्केवारी लिहिली तरी लोक खेळणारच.” खेळू देत. त्यांनी स्वतः आकडा पाहिला असता तर चाकावर बसले असते का, असे मी विचारले. त्यावर म्हणाले, “बसलो असतो, पण उभ्या उभ्या.” मला तेवढेही पुरेसे वाटते. दुसऱ्या बाजूने सातपूरकरांच्या सूनबाईंचे मत की हे असले प्रकार सरळ बंदच करावेत. त्यांचा मुद्दा मला पटत नाही. अड्डे बंद करून शंभरावर वर्षे झाली आणि अड्डे आहेतच.

सरकार कधी ऐकेल ते ऐकेल. आपल्याकडून मात्र एक गोष्ट लगेच होण्यासारखी आहे. सहलीच्या जाहिराती ज्या पानावर छापता, त्याच पानावर दोन बोटांची एक चौकट द्यावी. मजकूर असा: एका शून्याच्या रूलेटवर घराचा वाटा शंभरास 2.70, दोन शून्यांच्या 5.26. बाकारात बँकर या बाजूवर 1.06, प्लेयर या बाजूवर 1.24, आणि बरोबरीवर म्हणजे ‘टाय’वर आठ पट देत असतील तर 14.36. चिप घेताना जीएसटी 40 टक्के, जिंकल्यावर आयकर 30 टक्के. अंदर-बाहरमध्ये ज्या बाजूला पहिले पान पडते ती साधारण 51.5 टक्के वेळा जिंकते, म्हणून त्या बाजूला किती देतात ते आधी विचारा. पोकर खेळायला जात असाल तर रेक किती आणि खुर्ची किती वेळाने मिळेल, हे नाशिकहून फोन करून विचारून मगच तिकीट काढा. आकडे आपल्या कार्यालयाने एखाद्या गणिताच्या प्राध्यापकाकडून तपासून घ्यावेत, म्हणजे जाहिरातदाराचा फोन आला तर दाखवायला हाताशी राहील.

आपला,
एक निवृत्त प्रेस कामगार,
जेलरोड, नाशिकरोड