मिरीच्या कुंड्यांसाठी बाक

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

शेडनेट उभी राहिली हे ऐकून फार बरं वाटलं. कुंड्यांसाठी लोखंडी स्टँड घ्यावेत की लाकडी बाक करावेत, असं तू विचारलंस. वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत लोखंड किती टिकतं ते तू रोज बघतेस. आपल्या माळ्यावर जुन्या पडवीचे सागाचे वासे आहेत. बाक त्यांचेच कर.

कुंड्या जमिनीवर मात्र एक पावसाळाही ठेवू नकोस. मिरीला मर रोग आणणारी फायटोफ्थोरा ही बुरशीसारखी कीड मातीत राहते आणि पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर खालच्या पानांवर चढते. तुझी झुडपी मिरी तर बुटकीच, पानं कुंडीच्या काठाला टेकलेली. शेडनेट ऊन अडवते, पाऊस नाही. म्हणून बाकाची उंची अडीच फूट धर, म्हणजे छाटणी करताना कंबरही वाचेल. रुंदी तीन फुटांवर नेऊ नकोस. पलीकडच्या कुंडीपर्यंत हात पोचला नाही, तर तिकडचं रोगट पान वेळेवर दिसत नाही.

आता वजनाचं बघ, कारण सगळे तिथेच कमी पडतात. दहा इंची कुंडी भिजली की १२ किलोच्या आसपास जाते. आठ फुटी बाकावर २४ कुंड्या मांडल्यास म्हणजे २८८ किलो, आणि पावसात ते महिनोन्महिने उतरत नाही. आधारांमधलं अंतर दुप्पट केलं तर तेवढ्याच वजनाला लाकूड आठपट वाकतं. म्हणून पायांच्या तीन जोड्या दे आणि वरच्या रिपांखाली दर दोन फुटांवर आडवा दांडा घे. दांडा चार बाय दोन इंचांचा असेल तर तो उभ्या धारेवर बसव. आडवा टाकलास तर चौपट वाकेल. पायांना तिरक्या पट्ट्या विसरू नकोस, नाहीतर कुंडी सरकवताना अख्खा बाक हलतो.

वर सलग फळी नको. दोन इंची रिपा, मध्ये पाऊण-एक इंच फट. पाणी खाली गेलं पाहिजे आणि कुंडीच्या भोकाला हवा लागली पाहिजे.

कापलेले वासे हातात आले की टोकाकडे नीट बघ. मधला तपकिरी गाभा आणि कडेची पिवळट पट्टी वेगळी दिसेल. ती पट्टी नखाने दाब. भुगा निघाला तर तेवढी रंध्याने उतरवून टाक. साग टिकतो तो गाभ्याचा, पांढऱ्या लाकडाला वाळवी सोडत नाही. रिपांना गाभा पुरला नाही तर किंजळ चालेल. रिपा चार-सहा वर्षांनी बदलता येतात, पण पाय बदलायचे तर बाक मोडावा लागतो. चांगलं लाकूड पायांना ठेव.

पाय मातीत गाडू नकोस. प्रत्येक पायाखाली जांभ्याचा चिरा ठेव. पायाच्या तळाला करवतीची जी उघडी बाजू असते तीच पाणी सर्वात जास्त पिते, तिथे काजूच्या टरफलाचं तेल दोन-तीन हात दे. हातमोजे घालूनच, त्या तेलाने कातडी भाजते. पूर्ण सुकेपर्यंत कुंड्या जवळ आणू नकोस. जळकं ऑईल कोणी फुकट दिलं तरी घेऊ नकोस. ते पावसात ओघळून मातीत उतरेल.

खिळे नकोत, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापर, आणि आधी बारीक भोक पाड. जुना साग कोरडा असतो, टोकाशी चटकन फाटतो.

वासे मी इथेच कापून टेम्पोने पाठवीन. दोन ओळींमधली वाट किती ठेवणार ते मोजून कळव. हातगाडी फिरायला तीन फूट तरी लागते, आणि त्यावरच बाकांची संख्या ठरेल.

तुझे,
बाबा